कानामागची दोन बोटं

बायकोबरोबर बाजारातून आडवा चालणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी रोज पाहायचो. आमच्या नांदेडच्या भांडीबाजारात संध्याकाळी अशी गर्दी होते, की सरळ चालणाराही चार धक्के आणि दोन शिव्या खाल्ल्याशिवाय पलीकडं पोचत नाही. त्या गर्दीतून व्यंकट बोधनवार बायकोच्या अर्धं पाऊल पुढं, तोंड तिच्याकडं करून, खेकड्यासारखा आडवा जायचा. हातगाड्यांवर आपटायचा, म्हशीची माफी मागायचा, पण मान पुढं वळवायचा नाही. भाजीची पिशवी गळ्यात अडकवलेली. हात रिकामे पाहिजेत ना! त्याच्या बायकोला, सागरबाईंना, जन्मापासून ऐकू येत नव्हतं, आणि ह्या गृहस्थाला बायकोशी बोलल्याशिवाय दहा पावलंसुद्धा चालवत नसे.

माझं लग्नपत्रिकांचं दुकान. शेजारी भिंतीला भिंत लावून भांड्यांचं दुकान, आणि त्याच्या पायरीवर व्यंकट. धंदा एकच, भांड्यांवर नावं टाकण्याचा. पूर्वी लग्नात कुणी साधी वाटी दिली तरी तिच्यावर देणाऱ्याचं नाव लागायचं. नाहीतर त्या वाटीला अर्थ काय? व्यंकटच्या हातात ते विजेचं यंत्र. ते चालू झालं की दाताच्या डॉक्टरची आठवण येऊन गिऱ्हाईक दोन पावलं मागं सरकायचं. त्या आवाजात बोलणं अशक्य, त्यामुळं व्यंकट सगळं खुणांनी विचारायचा. मामाकडून का? त्याच्या ओठांवर मिशा उगवायच्या. आत्याकडून? पदर खोचून तो नाक मुरडायचा. मावशीकडून म्हटलं की स्वतःचेच गाल ओढायचा. लोक वाटी घ्यायला यायचे आणि तमाशा बघत उभे राहायचे. बाजारात त्याचं नाव पडलं ‘मुका व्यंकट’. मुका नव्हता. त्याला बोलण्याची गरज पडत नव्हती, एवढंच.

सागरबाई त्याला ह्याच पायरीवर भेटल्या. कंधारहून वडिलांबरोबर बहिणीच्या लग्नाची भांडी घ्यायला आल्या होत्या. यंत्र सुरू झालं. वडील कानावर हात, दुकानदार कानावर हात, मी माझ्या दुकानात कानावर हात. ही मुलगी एकटी शांत, त्या ठिणगीकडं टक लावून. व्यंकटनं भुवई उडवून विचारलं, नाव काय टाकू? तिला समजलं नाही. तिनं उजव्या हाताची दोन बोटं कानामागच्या हाडावर टकटक आपटली आणि तळवा त्याच्यासमोर उघडा धरला. बंद दारावर कडी वाजवून कुणी हात पुढं करावा तसं. म्हणजे, पुन्हा सांग.

ही खूण तिची एकटीची. मी आयुष्यात दुसऱ्या कुणाला अशी करताना पाहिलं नाही. ती लक्षात ठेवा, मला पुढं लागणार आहे.

तर त्या दिवशी व्यंकटनं पुन्हा सांगितलं. मग पुन्हा. वडील पैसे देऊन, भांडी बांधून, रिक्षात बसून हाका मारायला लागले, तरी ह्या दोघांचं नाव विचारणं चालूच. वर्षाच्या आत लग्न झालं. व्यंकटची आई धर्माबादहून आली, सुनेला दोन हाका मारून बघितल्या आणि भरल्या मांडवात म्हणाली, “पोरानं भिंत आणली बाई घरात.” तेव्हापासून म्हातारी मरेपर्यंत सुनेचं नाव ‘भिंत’. “ए भिंत, च्या आण.” सागरबाईंना ऐकू यायचं नाही, पण म्हातारीचे ओठ कसे मुडपतात ते दिसायचं. त्या चहा आणायच्या, आणि म्हातारीची पाठ वळली की तिचं लंगडणं, तंबाखू मळणं, मुडपलेले ओठ, सगळं नवऱ्याला करून दाखवायच्या. व्यंकट पोट धरून हसायचा. घरातला मोठा नट खरं तर कोण होता, ह्याबद्दल मला अजून शंका आहे.

भारनियमनाचे ते दिवस. दिवे गेले की सगळं गाव अंगणात येऊन गप्पा मारायचं, ह्यांचं मात्र बोलणं तुटायचं. म्हणून व्यंकटच्या खिशात कायम बॅटरी. अंधार झाला की ती हनुवटीखाली धरून स्वतःच्या तोंडावर उजेड पाडायचा. आम्हाला ते भूत दिसायचं. सागरबाईंना नवरा दिसायचा.

आता सिनेमाकडं येतो.

एका दुपारी बाजार थंड होता. व्यंकटनं स्टीलचा डबा घेतला आणि झाकण अडकल्याचा खेळ सुरू केला. झाकण ओढलं, निघेना. गुडघ्यात धरलं, निघेना. मग हातच डब्यात अडकला. डब्यासकट नमस्कार केला, डब्यासकट डोकं खाजवलं, डब्यासकट तंबाखू मळायला गेला. शेवटी दमून डबा नुसता टिचकीनं वाजवला, तर झाकण आपोआप उडालं. आत बघितलं आणि तोंड असं उजळलं, की डब्यात काय आहे ते सगळ्या बाजाराला कळलं. लाडू! त्यानं तो नसलेला लाडू फोडला, अर्धा पायरीशी उभ्या असलेल्या सागरबाईंना दिला. त्यांनी घेतला, खाल्ला, बोटं चाटली. आणि ह्या बहाद्दरानं उरलेला अर्धा ठेवून झाकण पुन्हा घट्ट लावून टाकलं.

मोबाईल मी धरला होता. अडचण एकच झाली, मी गप्प बसू शकत नाही. चित्र व्यंकटचं, पण आवाज सगळा माझा. “अरे ओढ! अबे गाढवा, उलटं ओढून राहिला!” माझ्या मुलीनं कपाळाला हात लावला आणि आवाज पुसून टाकून नुसतं चित्र मोबाईलवर सोडलं. एका बोलक्या माणसाचा असा अपमान झाल्यामुळं नांदेडला मूकपटाचा नट मिळाला, हे कुठंतरी लिहून ठेवायला हवं.

डबा गावोगाव गेला. मग कुकरची शिट्टी, गळकी बादली, पितळी घंगाळात अडकलेला जावई. शब्द नसल्यामुळं ह्या खेळांना वेस नव्हती. तेलंगणातले लोक बघत, कर्नाटकातले बघत. किनवटच्या एका आश्रमशाळेतली पोरं शनिवारी भिंतीवर पाडून बघत. प्रत्येक खेळ आधी सागरबाईंसमोर व्हायचा. त्या हसल्या तर पुढं, नाही तर रद्द. दोन वर्षं त्या बाईनं एकटीनं ते सगळं चालवलं आणि नाव कुठं आलं नाही. आता नावं टाकणाराच नवरा म्हटल्यावर काय बोलायचं!

मग दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या. बाजारात संगणकावरचं नाव टाकायचं यंत्र आलं. ते बोलत नाही, ठिणगी उडवत नाही, आणि मामाच्या मिशाही काढत नाही. व्यंकटची पायरी गेली. आणि त्याच सुमारास लातूरहून बंटी डायरेक्टर आला.

बंटी तिशीतला, केसांना तांबडा रंग, गाडीत दिव्याचं गोल कडं. लातुरात त्याचं विनोदी चॅनल होतं. माझ्या दुकानात बसून, माझाच चहा पीत, तो व्यंकटला म्हणाला, “सर, तुम्ही लई मोठे कलाकार आहाव. पण लोकाला आता ऐकायचंय. आवाज न्हाई आला की अंगठा वर सरकतोय. बोला. रोज एक करू.”

व्यंकटनं हातानंच विचारलं, मी? बोलू?

“हां, मग कोन? हे बघा, लगेच हात उचलून राहिले! तोंड उघडा, सर.”

व्यंकटनं तोंड उघडलं आणि आम्ही सगळेच जरा दचकलो. आवाज पातळ, वाक्याच्या टोकाला चिरकणारा. घरात वापरच नसल्यामुळं गंजलेला. बंटीनं टाळी दिली. “चालतंय! उलट लई चालतंय!”

चाललं नाही. पहिले आठ-पंधरा दिवस लातुरात हाल झाले. व्यंकटचं तोंड चालू झालं की हात मरायचे आणि हात हलले की वाक्य विसरायचं. बंटीनं शेवटी त्याला खुर्चीवर बसवलं आणि हात मांडीखाली दाबून ठेवायला लावले. ज्या माणसाचं सगळं दुकान हातात, त्याचे हात मांडीखाली! मी म्हटलं, दे सोडून. पण तो आला नाही. पायरी गेली होती, आणि खरं सांगायचं तर लोकांनी ओळखण्याची सवय लागली होती.

एकदा दोन दृश्यांच्या मधे जेवताना त्यानं सहज घरची गंमत सांगितली. आपण एक मागितलं, बायकोनं ओठ पाहून दुसरंच आणलं, अशी. सांगताना हात मांडीखालून निघाले आणि त्यानं सागरबाईंची ती खूण करून दाखवली. दोन बोटं कानामागं टकटक, तळवा पुढं. सगळे जेवायचे थांबून हसायला लागले. बंटी हात न धुताच उठला. “सर! इतके दिवस हे कुटं ठेवलं व्हतं?”

दुसऱ्या दिवसापासून ‘बहिरी बायको’ सुरू. बंटीच्या मावसभावाला साडी नेसवली. नवरा काही मागणार, साडीतला मावसभाऊ कानामागं टकटक करणार, भलतंच काहीतरी आणणार, आणि शेवटी व्यंकट कॅमेऱ्याकडं बघून त्या चिरक्या आवाजात म्हणणार, “भिंतीसंगं लगीन झालं राव माझं!”

भिंत. म्हातारीचा शब्द. बंटीला तो कुठला माहीत असणार? तो व्यंकटनंच दिला.

असं चाललं म्हणता! रिक्षावाले ते वाक्य म्हणायला लागले, वऱ्हाडी म्हणायला लागले. पोरं एकमेकांना हाक मारली की कानामागं टकटक करून तळवा पुढं धरायची. मीही हसलो. विनोद वाईट नव्हता. हेच तर वाईट होतं.

आणि सागरबाई? त्यांना मोबाईल होता, डोळे होते, फक्त वाचता येत नव्हतं. त्यांनी विचारलं, साडीतली ही कोण? ह्या प्रश्नाला व्यंकटनं जे उत्तर दिलं, ते त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात सफाईदार काम. त्यानं पाय लंगडवला. तंबाखू मळली. ओठ मुडपले. म्हणजे, माझी आई! तुझी सासू! तिचीच खोड मोडून राहिलोय!

सागरबाईंचा आनंद मी पाहिलेला आहे. इतक्या वर्षांनी कुणीतरी त्या म्हातारीला चारचौघांत उघडं पाडत होतं, आणि तो कुणी परका नव्हता, तिचाच मुलगा होता. त्या गल्लीतल्या बायांना बोलावून मोबाईल दाखवायच्या. सासू, सासू, अशी लंगडून खूण करायच्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या. बायाही हसायच्या, पण मोबाईलकडं बघून नव्हे. कुणी सांगितलं नाही. दयेनं नव्हे हो, मजा गेली असती.

तुम्ही म्हणाल, स्वतःची खूण तिला कशी ओळखू आली नाही? सांगा बरं, तुम्ही शिंकताना कसे दिसता? आरशासमोर उभं राहून कोण कुणाला ‘पुन्हा सांग’ म्हणतं? ती खूण सगळ्या गावानं पाहिली होती. न पाहिलेली बाई एकच होती.

मी व्यंकटला दुकानात गाठलं. “व्यंकट, हे बरं न्हाई.”

“काय बरं न्हाई?”

“वहिनीची इज्जत आहे की न्हाई काही?”

तो हसला. त्या दिवशी मला तो आवाज पहिल्यांदा टोचला. “भाऊ, तिला ऐकू येत न्हाई ना? मग तिचं काय गेलं?”

“तू घरी जाऊन रोज खोटं सांगून राहिलास.”

“खोटं कामून? तिच्यासाठी येगळा पिच्चर आहे. तिच्या पिच्चरमधी ती जिंकून राहिली. तुम्ही पाहा, किती खूश आहे.” मग माझ्याकडं बारीक डोळ्यांनी पाहून म्हणाला, “तुम्हाला एवढं वाटतं, तर तुम्ही सांगा तिला.”

त्यानं मला बरोबर पकडलं. बोलण्यात मी उस्ताद, पण माझं सगळं भांडवल शब्दांचं. त्या बाईपाशी ते चालत नव्हतं.

चॅनलचा मोठा कार्यक्रम लातुरात ठरला. सागरबाई हटून बसल्या, मी येणारच. आतापर्यंत नवऱ्याचा एकही खेळ त्यांच्याशिवाय सुरू झाला नव्हता, आणि आता हजार लोक बघणार आणि आपण नाही? व्यंकटनं ताप आल्याचं करून दाखवलं, रस्ता खराब असल्याचं करून दाखवलं, जीप उलटल्याचंही करून दाखवलं. त्या हसून साडीला इस्त्री करत राहिल्या. मला बरोबर घेतलं ते सोबतीला. अहमदपूरच्या पुढं झाडाखाली थांबून त्यांनी दशम्या वाढल्या. डबा तोच, लाडवाचा. झाकणावर दोघांची नावं, व्यंकटच्या हातची.

सभागृह भरलेलं. आम्ही पहिल्या रांगेत. मंचामागं भिंतीएवढा पडदा, मंचावरचं सगळं त्याच्यावर मोठं होऊन दिसायचं. व्यंकट आला, साडीतला मावसभाऊ आला. टकटक. तळवा. सभागृह हशानं कोसळलं. सागरबाईंनी मला कोपरानं ढोसलं आणि ओठ मुडपून दाखवले. सासू! मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो?

तेवढ्यात बंटी माइक घेऊन खाली उतरला. मागं कॅमेरा. “मंडळी, आज आपल्यात खुद्द वहिनी आल्यात! खऱ्या वहिनी!” शिट्ट्या. तो माइकमधून सागरबाईंना म्हणाला, “वहिनी, घरी भाऊ कसे वागतात?” आणि माइक त्यांच्यापुढं धरला.

तोंड हलताना त्यांना दिसलं, पण विचारताना बंटीच्या ओठांपुढं माइक होता. काही उमगलं नाही. आणि काही उमगलं नाही की ती बाई जन्मभर जे करत आली होती, तेच तिनं केलं. दोन बोटं कानामागं, टकटक. तळवा पुढं.

असा हशा मी पुन्हा ऐकला नाही. लोक खुर्च्यांवर उभे राहिले.

सागरबाईंना हशा ऐकू आला नाही, दिसला. त्यांनी लोक कुठं बघतायत ते पाहिलं आणि मान वर केली. पडद्यावर त्या स्वतः होत्या, भिंतीएवढ्या. दोन बोटं नुकतीच कानामागून निघालेली, तळवा पुढं. खाली मंचावर साडीतला मावसभाऊ. त्याला वाटलं आपली वेळ आली, त्यानंही टकटक केलं, तळवा पुढं धरला. वर एक तळवा, खाली एक तळवा. सागरबाईंची नजर वरून खाली गेली, खालून वर गेली. मग व्यंकटवर आली.

एक क्षण होता त्याच्याकडं. हात मोकळे होते. ह्या माणसानं त्या हातांनी घंगाळात अडकलेला जावई उभा केला होता, त्याला एक खूण सुचली असतीच. पण सभागृह थांबलं होतं. त्यांना पुढचं वाक्य पाहिजे होतं. व्यंकटनं माइक तोंडाशी नेला.

“भिंतीसंगं लगीन झालं राव माझं!”

सागरबाईंचा हात अजून तसाच पुढं होता. त्यांनी डाव्या हातानं तो धरला आणि मांडीवर आणून ठेवला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. कार्यक्रम संपेपर्यंत त्या ताठ बसल्या. बंटी येऊन पाया पडला, तर आशीर्वादही दिला.

परतीला दिवस मावळत होता. व्यंकट पुढच्या सीटवर गुडघ्यांवर उलटा बसला आणि नांदेडपर्यंत हातवारे करत आला. आधी काहीतरी समजावलं, मग कान धरले, मग हात जोडले. सागरबाई खिडकीबाहेर सोयाबीनची शेतं पाहत होत्या. रागानं मान फिरवली असती तर बरं वाटलं असतं. त्या नुसत्या शेतं पाहत होत्या. अहमदपूरला अंधार पडला. व्यंकटनं ड्रायव्हरला आतला दिवा लावायला सांगितला. त्यांनी डोळे मिटले.

तुमचं-माझं बायकोशी भांडण झालं तर काहीतरी कानावर पडतच राहतं. हिनं एक केलं, नवऱ्याकडं बघणं बंद केलं. स्वयंपाक वेळेवर, कपडे धुतलेले, ताट वाढलेलं. नजर मात्र त्याच्या शर्टच्या तिसऱ्या गुंडीच्या वर चढली नाही. लाखो लोकांनी ऐकलेला माणूस घरात मुका झाला.

त्यानं लातूर सोडलं. बंटीचं काही अडलं नाही. मावसभाऊ होताच, नवराही दुसरा मिळाला. खूण चॅनलची, वाक्य चॅनलचं, आता तो दुसरा नवरा ते म्हणतो, आणि चांगलं म्हणतो. व्यंकटनं पुन्हा जुन्यासारखे मुके खेळ करून मोबाईलवर टाकले. त्यांच्याखाली लोकांनी लिहिलं, ‘भाऊ, आवाज येत नाही.’ तो आता भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकाला भाव सांगतो, तोंडानं. संध्याकाळी दोघं अजून बाजारातून जातात. तो सरळ चालतो. पिशवी हातात असते.

परवा माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला त्यांच्या घरी गेलो. तिन्हीसांजेची वेळ, दार उघडं. बाहेरूनच आवाज देणार होतो, पण आत खेळ चालू होता.

सागरबाई दाराकडं पाठ करून मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांच्या समोर व्यंकट, हातात तो डबा. झाकण ओढलं, निघेना. गुडघ्यात धरलं, निघेना. हात अडकला. डब्यासकट नमस्कार. देवाशपथ सांगतो, एवढं सुंदर त्यानं कधी केलं नव्हतं. केस पांढरे झाल्यामुळं त्याची फजिती अजून खरी वाटत होती. मला हसू आलं, मी तोंडावर पत्रिका धरली. सागरबाईंची बोटं मेथीच्या काडीवरून पान खुडत होती. एक काडी, दुसरी काडी. त्यानं टिचकी मारली. झाकण उडालं. तोंड उजळलं. त्यानं तो नसलेला लाडू काढला, फोडला आणि अर्धा त्यांच्यापुढं धरला.

त्यांनी मेथीची पाटी उचलली, उठल्या, त्याच्या पुढं आलेल्या हाताला वळसा घातला, भिंतीपाशी गेल्या आणि दिवा बंद केला. मग सवयीच्या पावलांनी आत स्वयंपाकघरात निघून गेल्या.

अंधारात डबा कुठंतरी टेकवल्याचा आवाज आला. खिसा चाचपल्याचा आवाज आला. मग मोबाईलची बॅटरी लागली आणि हनुवटीखालून व्यंकटच्या तोंडावर उजेड पडला. समोर रिकामा पाट होता. त्याच्याकडं बघत तो ओठ हलवून काहीतरी सांगत होता, आणि दुसऱ्या हातात अर्धा लाडू तसाच धरलेला होता.

पत्रिका मी उंबऱ्यावर ठेवली.